नाक, तोंड आणि घशातले फाटक

आपल्या चेहऱ्याला दोन मोठी दारे आहेत. एक नाक आणि दुसरे तोंड. नाकातून हवा आत जाते. तोंडातून अन्न व पाणी आत जाते. बाहेरून ही दारे वेगवेगळी दिसतात, पण आत घशात दोन्ही वाटा एकाच चौकात येतात. त्या चौकात एक फाटक आहे. ते वेळेवर पडले नाही तर ठसका लागतो, आणि कधी कधी तर जिवावर बेततं. म्हणून ही माहिती सगळ्यांनी वाचावी. ज्यांच्या घरी लहान भावंडे आहेत त्यांनी तर जरूर वाचावी. आधी आपण नाकात शिरू, मग तोंडात, आणि शेवटी फाटकापाशी येऊ.

१) नाकाच्या आत काय असते?

नाकाचे टोक बोटाने हलवून बघा. ते हलतं, कारण ते हाड नाही. ती कूर्चा आहे. कूर्चा म्हणजे हाडापेक्षा मऊ आणि लवचिक असा भाग. आपला कानसुद्धा कूर्चेचा असतो, म्हणून तो दुमडतो. आता दोन डोळ्यांच्या मधे बोट लावा. तिथे कडक लागतं. ते मात्र हाड आहे.

नाकाच्या मधोमध एक उभा पडदा असतो. त्यामुळे नाकाच्या दोन खोल्या होतात. पुष्कळ माणसांचा हा पडदा थोडासा वाकडा असतो.

आपल्याला वाटतं की नाकाची वाट वर डोक्याकडे जाते. तसं नाही. ती सरळ मागे जाते. नाकाची जमीन म्हणजेच तोंडाचे छत, म्हणजे टाळू. माडीच्या घरात वरच्यांची जमीन ती खालच्यांचे आढे, तसेच हे आहे. २०२० साली कोरोनाच्या तपासणीसाठी नाकात लांब काडी घालत असत. ती याच कारणाने वर न घालता सरळ मागे घालत.

प्रत्येक खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर शिंपल्यासारखी वळलेली तीन हाडे एकाखाली एक असतात. त्यांच्यावर ओले, गुलाबी अस्तर असते. त्यात खूप रक्तवाहिन्या असतात. हवा या शिंपल्यांना घासून आत जाते, तेव्हा ती गरम आणि ओलसर होते. थंडीच्या दिवसांत पहाटे उसाच्या शेतातली हवा किती गार असते! तीच हवा छातीत पोचेपर्यंत आपल्या अंगाइतकी ऊबदार झालेली असते. तोंडाने श्वास घेतला तर एवढं काम होत नाही. घसा मात्र कोरडा पडतो.

नाकाच्या तोंडाशी केस असतात. ते मोठी धूळ अडवतात. बारीक धूळ आणि जंतू शेंबडाला चिकटतात. शेंबूड म्हटलं की सगळे नाक मुरडतात, पण तो आपला राखणदार आहे बरं का! आतल्या अस्तरावर सूक्ष्मदर्शकातूनच दिसतील इतके बारीक केस असतात. वारा सुटल्यावर गहू डोलतो तसे ते सारखे डोलतात आणि धूळ चिकटलेला शेंबूड घशाकडे ढकलतात. तो आपण नकळत गिळून टाकतो. पोटातले आम्ल पुष्कळ जंतूंना मारून टाकते.

नाकाला किती काम असते त्याचे गणित करू. आपल्या वयाची मुले मिनिटाला साधारण २० वेळा श्वास घेतात. एका तासात २० × ६० = १२००. दिवसरात्र मिळून १२०० × २४ = २८,८०० वेळा! आणि नाकाला रविवारचीसुद्धा सुट्टी नाही.

करून बघा : नाकाखाली स्टीलचे थंड ताट आडवे धरा आणि नाकाने श्वास सोडा. ताटावर वाफेचे दोन ठिपके उमटतात. बहुतेक वेळा एक मोठा असतो आणि एक लहान. कारण दोन नाकपुड्या पाळीपाळीने काम करतात. एक जास्त उघडी असते तेव्हा दुसरी थोडी आराम करते. काही तासांनी पाळी बदलते.

२) नाकाचे शेजारी

नाकाच्या आजूबाजूच्या हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात. कपाळात, गालांत, डोळ्यांच्या मधे आणि आणखी आत, अशा चार जोड्या. मोठ्या सर्दीत त्यांची वाट बंद होते, म्हणून कपाळ आणि गाल ठणकतात.

डोळ्यातून नाकात एक बारीक नळी येते. म्हणून रडलं की नाकही वाहतं.

नाकाच्या मागच्या बाजूने एक नळी कानाकडे जाते. आपण हडपसरवरून सासवडला जाताना दिवे घाट चढतो, तेव्हा कानात दडे बसतात. आवंढा गिळला किंवा जांभई दिली की ही नळी उघडते आणि दडे सुटतात. सर्दीचे जंतूही याच नळीने कानात जातात. म्हणून सर्दीत लहान बाळांचे कान दुखतात. नाक शिंकरताना फार जोर लावू नये, तेही याच कारणाने.

३) वास कसा येतो?

नाकाच्या अगदी माळ्यावर टपालाच्या तिकिटाएवढी जागा वासाची आहे. तिच्या वर चाळणीसारखे भोकाभोकांचे हाड आहे. त्या भोकांतून वासाचे मज्जातंतू थेट मेंदूत जातात.

मुळा-मुठा नदीकडून वारा आला की पहिल्यांदा वास नको होतो. मग थोड्या वेळाने तो जाणवेनासा होतो. वास गेलेला नसतो. आपल्या नाकाला त्याची सवय झालेली असते. म्हणून गॅसचा वास आला आणि मग येईनासा झाला, तर 'गेला वाटतं' असं म्हणून बसू नये. लगेच मोठ्या माणसांना सांगावे.

करून बघा : नाक घट्ट दाबा आणि चिमूटभर बडीशेप चावा. नुसती गोडसर लागते. आता नाक सोडा. एकदम बडीशेपेची चव येते! म्हणजे आपण जिला चव म्हणतो, त्यातला बराचसा भाग वासच असतो. तो तोंडातून घशामागून वर नाकात चढतो.

४) घोळणा फुटला तर

नाकाच्या पडद्यावर अगदी पुढे बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे असते. उन्हाळ्यात नाक कोरडे पडले किंवा बोट घातले की ते फुटते. यालाच घोळणा फुटणे म्हणतात. पुष्कळ घरी डोके मागे करायला सांगतात. पण डोके मागे केले की रक्त घशात उतरते आणि उलटी होते. खरी रीत अशी : खाली बसावे, डोके थोडे पुढे झुकवावे, नाकाचा मऊ भाग चिमटीत दाबावा आणि तोंडाने श्वास घ्यावा. घड्याळ लावून १० मिनिटे सोडू नये. तरीही रक्त थांबले नाही तर दवाखान्यात जावे.

५) पुण्याजवळ बसवलेले नाक

ही गोष्ट खरी आहे. टिपू सुलतानाशी इंग्रजांचे युद्ध १७९२ साली संपले. त्या युद्धात इंग्रजांच्या फौजेबरोबर बैल हाकणारा एक मराठी शेतकरी होता. इंग्रजी छापात त्याचे नाव कावसजी असे दिले आहे. तो टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला. वर्षाहून जास्त दिवस तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळ विटा पाडणाऱ्या समाजातल्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवले. त्याने मेणाचे नाक करून मापाला घेतले. ते कपाळावर सपाट पसरून भोवती रेघ ओढली आणि तेवढी कातडी सोडवली. दोन भुवयांच्या मधे मात्र ती जोडलेलीच ठेवली, म्हणजे तिला रक्त मिळत राहील. मग ती खाली वळवून नाकाच्या जागी बसवली. नाकपुड्या बुजू नयेत म्हणून पुढे त्यांत मऊ कापड घातले. ही हकिगत चित्रासह ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन' मासिकात छापून आली. ती वाचून कार्प्यू नावाच्या डॉक्टरांनी १८१४ साली लंडनमध्ये तसेच ऑपरेशन केले.

नाक कापल्यावर ते नवे करण्याची कृती आपल्याकडे फार जुन्या सुश्रुतसंहितेतही सांगितली आहे. त्यात कातडी गालाची घेतात. कावसजीचे नाक नीट करणाऱ्या त्या कारागिराचे नाव मात्र त्या मासिकात छापलेले नाही. याचं मला वाईट वाटतं.

नाकाची आणखी एक गोष्ट पुण्याचीच आहे. २००९ साली पुण्यात स्वाइन फ्लूची साथ आली होती. पुढच्याच वर्षी, २०१० साली, आपल्या शेजारच्या हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटने नाकात फवारायची लस काढली. सुई नाही, टोचणे नाही! फ्लूचे जंतू नाकाच्या दारानेच येतात, म्हणून पहारा दारातच बसवला.

६) तोंडाच्या आत काय असते?

दात : दुधाचे दात २० असतात. मोठेपणी ३२ होतात : ८ पटाशीचे, ४ सुळे, ८ उपदाढा आणि अक्कलदाढा धरून १२ दाढा. पटाशी चावा तोडते, सुळा फाडतो, दाढा दळतात. दातावरचे पांढरे कवच हा आपल्या शरीरातला सगळ्यांत कठीण पदार्थ आहे. हाड मोडलं तर सांधतं, पण हे कवच एकदा किडून गेलं की परत येत नाही. म्हणून रात्री झोपतानाही दात घासावेत.

जीभ : जीभ स्नायूंची बनलेली असते. जुन्या पुस्तकांत जिभेचा नकाशा असायचा : टोकाला गोड, मागे कडू. तो बरोबर नाही. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात. आणि तिखट ही तर चवच नाही! मिरचीने जीभ पोळते, ती एक प्रकारची आग आहे. म्हणून मिरचीचा हात डोळ्याला लागला तरी आग होते, पण साखरेचा हात लागला तर डोळ्याला गोड लागत नाही.

लाळ : लाळेच्या ग्रंथींच्या तीन मोठ्या जोड्या आहेत. कानापुढे, जबड्याखाली आणि जिभेखाली. गालगुंड होते तेव्हा कानापुढची ग्रंथी सुजते. भाकरीचा घास न गिळता खूप वेळ चावत राहा. तो हळूहळू गोड लागतो, कारण लाळ पिठाची साखर करू लागते. म्हणजे पचनाला सुरुवात पोटात नाही, तोंडातच होते.

टाळू : जिभेचे टोक वर लावून मागे मागे न्या. पुढे कडक लागतं, तिथे हाड आहे. मागे मऊ लागतं. त्या मऊ टाळूला मधोमध लोंबते ती पडजीभ. तिच्या दोन्ही बाजूंना टॉन्सिल असतात.

काही बाळांचा ओठ किंवा टाळू जन्मापासून दुभंगलेली असते. टाळूला फट असली की प्यायलेले दूध नाकातून येते. कारण नाक आणि तोंड यांच्या मधली भिंतच जुळलेली नसते. लोक म्हणतात आईने ग्रहण पाळलं नाही. ते खरं नाही. बाळ पोटात असताना पहिल्या तीन महिन्यांतच ही भिंत जुळते. कधी ती जुळायची राहते. त्यात आईचा काही दोष नसतो आणि ते ऑपरेशनने नीट होते. शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना तपासायला डॉक्टर येतात, तो राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथे सुरू झाला. त्यात हेसुद्धा तपासतात. असा मुलगा किंवा मुलगी वर्गात असेल तर त्याला चिडवू नका.

७) मुळाक्षरे तोंडात कुठे राहतात?

आपली मुळाक्षरे म्हणजे तोंडाचा नकाशाच आहे. हळू म्हणून बघा आणि जीभ कुठे लागते ते पाहा.

क ख ग घ : जिभेचा मागचा भाग, घशाजवळ.
च छ ज झ : जीभ टाळूला. (चहा, चिमणी म्हणून बघा.)
ट ठ ड ढ : जिभेचे टोक वर वळून.
त थ द ध : जीभ दातांना.
प फ ब भ : दोन्ही ओठ.

म्हणजे घशापासून निघून आपण ओळीने ओठांपर्यंत येतो! आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी ङ, ञ, ण, न, म येतात. ती अनुनासिके. त्यांची हवा नाकातून बाहेर जाते. सर्दीने नाक चोंदले की हीच अक्षरे बिघडतात. 'म'चा 'ब' होतो आणि 'न'चा 'द' होतो. मामाला हाक मारावी तर 'बाबा' होतं, आणि नानांना हाक मारावी तर 'दादा' येतो!

८) घशातले फाटक

आता आपण चौकात आलो. नाकाची वाट वरून येते आणि तोंडाची वाट पुढून येते. इथून खाली दोन नळ्या जातात. पुढची श्वासनलिका, ती फुफ्फुसात जाते. मागची अन्ननलिका, ती पोटात जाते. म्हणजे हवेला मागून पुढे यायचं आणि अन्नाला पुढून मागे जायचं. दोन्ही वाटा एकमेकींना छेदतात. मांजरीच्या माणसांना रेल्वे फाटक समजावून सांगायला नको! गाडी यायची तेव्हा रस्ता बंद. घशातही तसंच आहे.

घास गिळताना तीन गोष्टी एकदम होतात. मऊ टाळू वर उचलते आणि नाकाची वाट बंद करते. श्वासनलिकेचे तोंड वर सरकते. (गळ्यावर हात ठेवून आवंढा गिळा, ते वर जाताना कळतं.) आणि कंठच्छद नावाचे पानासारखे झाकण त्याच्यावर पडते. तेवढ्यापुरता श्वास थांबतो. घास मागून निघून गेला की फाटक पुन्हा उघडते.

पण आपण खाताना बोललो, हसलो किंवा पळालो, तर मधेच श्वास आत ओढला जातो. फाटक उघडे आणि घास रस्त्यात! मग ठसका लागतो. ठसका चांगला असतो. चुकून आलेला कण जोराने बाहेर फेकण्यासाठी तो असतो.

धोका कधी असतो? कण मोठा असला आणि अडकून बसला तर. लहान बाळांना मागच्या दाढा नसतात, त्यांना नीट चावता येत नाही, आणि त्यांची श्वासनलिका फार अरुंद असते. शेंगदाणा, फुटाणा, चिंचोका आणि अख्खे द्राक्ष यांची सगळ्यांत भीती. आपल्या मांजरीत तर १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. तिथे 'मांजरी नवीन', 'मांजरी मेडिका' अशा द्राक्षांच्या जाती तयार झाल्या. गावाच्या नावाची द्राक्षे आहेत, पण द्राक्ष गोल, गुळगुळीत असते आणि बुचासारखे बसते. म्हणून पाच वर्षांच्या आतल्या मुलांना द्राक्ष उभे चिरून, चार फोडी करून द्यावे. शेंगदाणे अख्खे देऊ नयेत, कूट करून द्यावे.

कोणाला अडकलंच तर काय करावे?
(अ) तो जोरात खोकत असेल तर खोकू द्यावे. पाणी पाजू नये.
(आ) आवाज फुटत नसेल, श्वास येत नसेल, तर ताबडतोब मोठ्या माणसाला हाक मारावी आणि १०८ ला फोन करायला सांगावे.
(इ) त्याला पुढे वाकवून दोन खांद्यांच्या मधे तळहाताने जोरात ५ थापा द्याव्यात. पुढची पोट दाबण्याची रीत मोठ्यांनी डॉक्टरांकडून शिकून ठेवावी.
(ई) न दिसणारी वस्तू काढायला घशात बोट घालू नये. ती आणखी आत जाते.

नाकातही काही घालू नये. मणी, हरभरा गेला तर टोकरू नये. हरभरा आत फुगतो. खेळण्यातला बटणासारखा सेल नाकात गेला तर तो काही तासांत आतून भाजतो. लगेच दवाखान्यात न्यावे. रागावतील म्हणून लहान मुले सांगत नाहीत. म्हणून आईवडिलांनी आधी रागावू नये.

९) पालकांना विनंती

नाक धूळ गाळते, लाळ तोंड धुते, फाटक वाट सांभाळते. पण तोंडात आपणच तंबाखू धरली तर कोण काय करणार? तंबाखू, मिश्री आणि गुटखा यांनी तोंडाचा कॅन्सर होतो. महाराष्ट्रात गुटख्याला २०१२ पासून बंदी आहे. मिश्री हीसुद्धा भाजलेली तंबाखूच आहे. आमच्या घरात आजी दात घासायला ती लावायची. सगळ्यांना वाटायचं की ते औषध आहे.

आज घरी जाऊन आरशात बघा. तोंड उघडून आपलीच तीन बोटे उभी दातांमधे जातात का? गालात पांढरा किंवा लाल चट्टा आहे का? दोन आठवड्यांत बरी न झालेली जखम आहे का? बोटे जात नसतील किंवा असे काही दिसले, तर दुखत नसले तरी डॉक्टरांना दाखवा. लवकर कळलं तर बरं होतं.

आणि जेवताना आम्ही बडबड केली तर 'गप्प जेवा' एवढंच म्हणू नका. 'फाटक उघडं आहे' असं सांगा, म्हणजे आम्हाला कारणही कळेल.

— इयत्ता चौथी